ओढ्याचं खोलीकरण आधी की मोजमाप आधी? (पुरंदर, कऱ्हेचं खोरं)

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव पुरंदरच्या पूर्व अंगाला, गावचा ओढा चार-पाच किलोमीटर वाहून पुढं कऱ्हेला मिळतो. पाऊस चांगला झाला तर पाचशे मिमीच्या आसपास, नाहीतर तीनशेवर पण भागवावं लागतं. शिवार साधारण ९०० हेक्टर, लोकसंख्या दोन हजार, विहिरी किती ते ग्रामपंचायतीत पण नक्की कुणी सांगत नाही आणि बोअर दरवर्षी वाढतायत. अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत, थोडा ऊसपण आहे, आणि मार्च लागला की टँकरचा प्रस्ताव तहसीलला जातो हे आता ठरलेलंच झालंय. म्हातारी माणसं सांगतात ओढा संक्रांतीपर्यंत वाहायचा. आता दसऱ्याला कोरडा.

यंदा गावानं मनावर घेतलंय. लोकवर्गणी जमलीय, एक संस्था पोकलेन द्यायला तयार आहे, डिझेल आपलं. बहुतेकांचं म्हणणं की ओढा सरळ खोल आणि रुंद करून घ्यायचा, दोन-तीन बांध घालायचे, पुढच्या पावसात पाणी दिसलं पाहिजे. शाळेतले विज्ञानाचे सर आणि आम्ही काही पोरं म्हणतोय की आधी पाऊस, विहिरी, ओढा हे मोजायला लागू, मग कुठं खोदायचं ते ठरवू. त्यावर ग्रामसभेत एकजण म्हणाला की मोजून पाणी वाढतं का, आणि त्याला लगेच उत्तर देता आलं नाही.

तर तुमच्याकडं असं काम झालं असेल तर सांगा, फार पैसे न घालता गावानं नेमकं काय मोजायचं, कसं, आणि त्या आकड्यांचा पुढं उपयोग खरंच होतो का? मशीन एप्रिलमध्ये येणार आहे.

मुरूम_कातळ

भूजलाच्या कामात आहे म्हणून जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

मशीन यायच्या आत एक काम कराच, विहिरींची यादी. नुसती नावं नाही, प्रत्येक विहिरीत वरून खाली काय लागलं ते लिहा, माती किती फूट, मुरूम किती, नंतर काळा पाषाण की मांजऱ्या (बारीक छिद्रांचा खडक), झरे किती फुटांवर आणि कोणत्या बाजूनं. ज्यांनी विहीर खोदली त्यांना हे तोंडपाठ असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. आपल्याकडं सगळा दख्खनचा बेसॉल्ट, लाव्ह्याचे थरांवर थर. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही, मुरतं ते वरच्या मुरमात, भेगाळलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळं एकाच ओढ्यावर एका ठिकाणी बांध घातला तर खालच्या सगळ्या विहिरींना पाझर लागतो, आणि तिथून दोन-तीनशे मीटरवर तेवढाच खर्च करून घातलेल्या बांधात पाणी उन्हानं उडून जाईपर्यंत तसंच उभं राहतं. दिसायला तोच जास्त छान दिसतो, फोटो त्याचेच निघतात. हा फरक ओढ्याकडं बघून कळत नाही, विहिरी वाचून कळतो.

खोलीकरणाबद्दल. गाळ काढणं वेगळं आणि खोदत सुटणं वेगळं. गाळ काढला, मुरूम मोकळा झाला, चांगलंच. पण कातळ लागला की थांबायचं, कातळात खोदलेला खड्डा म्हणजे नुसती टाकी. त्याहून वाईट म्हणजे ओढ्याचा तळ विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली नेला आणि पाणी धरून ठेवणारा थर कापला गेला, तर दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी ओढ्यात उतरायला लागतं. ओढा महिनाभर जास्त वाहतो, गाव खूश होतं, आणि विहिरी जानेवारीतच तळ गाठतात. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी जे काम केलं ते भूगर्भ बघून, त्या भागातला गाळ आणि खडक समजून केलं होतं, नंतर त्यातलं फक्त खोदकाम उचललं गेलं आणि सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेच्या काळात (२०१४ नंतर) कितीतरी ठिकाणी सरसकट तेच झालं. त्यावर भूजलवाल्या लोकांनी तेव्हापासून आक्षेप घेतलेत, त्यात तथ्य आहे.

आता मोजायचं कसं. सगळ्या विहिरी नका घेऊ, माथ्याकडच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या मिळून पंधरा-वीस निवडा. कठड्यावर ऑइलपेंटनं एक खूण करा आणि कायम तिथूनच मोजा, नाहीतर माणूस बदलला की आकडा बदलतो. टेपला वजन बांधून सोडा. मोटर चालू करायच्या आधी, सकाळी. पंधरा दिवसातून एकदा बास. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, निदान या चार महिन्यांत तुमचं चुकवू नका म्हणजे त्यांच्या जुन्या नोंदींशी ताडून बघता येईल. तुमच्या जवळपास त्यांची एखादी विहीर असणार, पुण्याच्या कार्यालयात अर्ज करून नोंदी मागा.

पर्जन्यमापक शाळेत बसवा, झाड आणि भिंतीपासून लांब, रोज सकाळी साडेआठला नोंद, सुट्टीच्या दिवशीपण. महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेला पाऊस तुमच्या गावाचा पाऊस नसतो, डोंगराच्या अलीकडं-पलीकडं पन्नास मिमीचा फरक सहज पडतो.

माणदेशी_शेतकरी

वरच्या सरांचं सगळं खरं आहे पण वर्षभर नुसतं मोजत बसायचा सल्ला मी देणार नाही. गाव एकदा उठतं. यंदा लोक तयार आहेत, पुढच्या उन्हाळ्यात असतीलच असं नाही, त्यात एखादी निवडणूक आली की संपलंच.

आम्ही पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत होतो. ४५ दिवस श्रमदान, पहाटेपासून डोंगरावर, बायका-पोरं सगळी. त्या कामाची खरी शिकवण म्हणजे माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग घळीत अनगड दगडी बांध, मग शेतात बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढा. पाणी पळतं तिथून सुरुवात करायची, साचतं तिथून नाही. वर काम न करता खाली ओढा खोल केला तर दोन पावसाळ्यांत गाळानं भरतो आणि परत डिझेलची वर्गणी. म्हणून माझं म्हणणं असं की हा उन्हाळा डोंगराला द्या, त्याला पोकलेन लागत नाही, कुदळ-फावडी आणि उतार काढायला हायड्रोमार्कर लागतो, दोन काठ्या आणि पाण्याची नळी, तुमच्या शाळेतली आठवीची पोरं एका सकाळी शिकतील. मोजणं बाजूनं चालू ठेवा. वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी आधी घ्या, त्यात वेळ जातो.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आमच्या गावात पाणी आलं. खरंच आलं, पहिल्या वर्षी विहिरी तुडुंब, टँकर बंद, मुंबईला गेलेली दोन-चार घरं परत आली. पुढच्या वर्षी ऊस वाढला, बोअर वाढले, ज्याच्या बांधाशेजारी पाणी त्यानं दोन मोटारी टाकल्या. नंतर एक पाऊस कमी झाला आणि परत टँकर. डोंगरावरचे चर अजून शाबूत आहेत, काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण आलेलं पाणी कुणी किती उचलायचं यावर गावात एकदाही बोलणं झालं नव्हतं, आणि मोजलेलं काहीच नव्हतं त्यामुळं पुढं बोलायला गेलो तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरलं. तुमच्या त्या ग्रामसभेतल्या माणसाला हे सांगा. मोजून पाणी वाढत नाही, पण आलेलं पाणी टिकवायला मोजल्याशिवाय इलाज नाही.

रामनदी_बावधन

शहरातली आहे, तुमच्यापेक्षा वेगळी परिस्थिती, तरी एक सुचवते. खाटपेवाडीपासून भूगाव, बावधन, पाषाण करत औंधच्या बाजूला मुळेला मिळेपर्यंत रामनदीचे टप्पे लोकांनी चालून बघितले तेव्हा कळलं की कुठं झरा जिवंत आहे, कुठं राडारोडा टाकून पात्र अर्धं झालंय, कुठून मैला येतोय. तुम्हीपण ओढा उगमापासून कऱ्हेपर्यंत एकदा चालाच, पण एकटे पोरं-पोरं नको, सोबत दोन म्हातारे न्या आणि एक तरी गुराखी. डोह कुठं होता, उन्हाळ्यात गुरं कुठं पाणी प्यायची, पाण्यात मासे कुठपर्यंत असायचे, हे त्यांनाच माहीत. प्रत्येक ठरलेल्या जागी उभं राहून एकाच दिशेनं मोबाईलवर फोटो, आणि तोच फोटो पावसाळ्यात, दिवाळीनंतर, उन्हाळ्यात परत. नकाशासाठी इस्रोचं भुवन हे संकेतस्थळ फुकट आहे, पाणलोटाची (जिथलं पाणी ओढ्यात येतं त्या भागाची) हद्द त्यावर काढून घ्या, गावाची हद्द आणि ओढ्याच्या पाणलोटाची हद्द एक नसते, वरचं गाव सोबत घ्यावं लागेल.

आणि काठावरची झाडी पोकलेनला तोडू देऊ नका प्लीज. करंज, उंबर, निर्गुडी, वाळुंज यांची मुळं काठ धरून ठेवतात, ती काढून उभे काठ केले की पहिल्याच मोठ्या पावसात काठ ढासळतात.

जलसुरक्षक_ताई

पाणी किती हे सगळे बोलतायत, पाणी कसं आहे हे कुणी नाही बोललं. मी आमच्या गावात जलजीवन मिशनमधलं किट वापरून पाणी तपासते, प्रत्येक गावात पाच महिलांना हे शिकवायचं असं त्या योजनेत आहे, तुमच्या ग्रामपंचायतीत किट आलेलं असणार, कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. त्यात पीएच, गढूळपणा, क्लोराईड, कठीणपणा, फ्लोराईड, नायट्रेट, लोह एवढं कळतं. नायट्रेटकडं नीट लक्ष द्या, पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर नको, आणि बागायती गावात युरिया आणि उघडी गटारं दोन्हीमुळं ते वाढतं, लहान बाळांना ते फार वाईट. जिवाणूंसाठी वेगळी छोटी बाटली मिळते, पाणी भरून उबदार जागी ठेवायची, काळी पडली की त्यात मैल्याचा अंश आहे असं समजायचं आणि नमुना लॅबला पाठवायचा.

पुरंदरमध्ये उपसा सिंचनाचं पाणी येतं ते मुळा-मुठेतून, म्हणजे पुण्याचं सांडपाणी घेऊन येतं हे तुम्हाला माहीतच आहे. ते पाणी ओढ्यात किंवा तलावात सोडत असतील तर ज्या विहिरींना त्याचा पाझर लागतो त्यांची तपासणी वेगळी ठेवा, पाणी सोडायच्या आधी आणि नंतर. दुष्काळात ते पाणी लागतंच, नको असं कुणी म्हणत नाही, पण पिण्याच्या विहिरीत काय उतरतंय ते घरात माहीत पाहिजे.

ओढा साफ आहे का ते बघायला किडेपण बघा. दगड उलटा करा, दगडाला चिकटलेल्या, शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेल्या अळ्या दिसल्या तर पाण्यात हवा भरपूर आहे. नुसत्या लाल वळवळणाऱ्या अळ्याच असतील तर सांडपाणी येतंय. पोरांना हे सगळ्यात आवडतं आणि त्याला एक पैसा लागत नाही.

अजून एक. विहिरीचा आकडा पुरुष सांगतात आणि पाणी बायका आणतात. मोजणाऱ्या गटात निम्म्या बायका घ्या, हापसा कधी आटला ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताईंचं बरोबर होतं, किट ग्रामपंचायतीत होतं, सील पण फोडलेलं नव्हतं.

विहिरींची यादी सुरू केली. ओढ्याच्या वरच्या टप्प्यात बहुतेक विहिरींत दहा-बारा फुटांपर्यंत मुरूम आणि खाली मांजऱ्या सांगतायत, खालच्या टप्प्यात, जिथं लोकांना मशीन पाहिजे, तिथं पाच-सहा फुटांवर काळा पाषाण. आणि दोन विहिरवाल्यांनी सांगितलं की ओढा भरला तरी त्यांच्या विहिरीला चार दिवस काही फरक पडत नाही. हे ऐकून जरा थांबलोय.

आता प्रश्न पाण्याच्या ताळेबंदाचा, म्हणजे पाणी किती येतं आणि किती जातं त्याचा. माणदेशी दादांनी लिहिलं ते आमच्याकडं होणार हे दिसतंय. ग्रामसभेत मांडायला हिशोब कसा करायचा?

मुरूम_कातळ

तुमच्या यादीनं निम्मं उत्तर दिलंय. मशीन वरच्या टप्प्यात न्या, गाळ काढा, मुरूम मोकळा करा, खालच्या टप्प्यात कातळाला हात लावू नका.

हिशोब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. तुमचं ९०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी धरला तर ४५० कोटी लिटर पाणी शिवारात पडतं. ऐकून सगळ्यांना वाटतं एवढं पाणी आणि टँकर कसा. पण त्यातलं बरंचसं उडून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि पिकं-गवत वापरतात, काही वाहून कऱ्हेला जातं. आपल्या खडकात भूजलापर्यंत पोचणारं दहा टक्क्यांच्या आसपास धरून चाला, म्हणजे ४५ कोटी. तुमच्या विहिरी मोजून झाल्या की हा आकडा सुधारता येईल, सुरुवातीला एवढा पुरे.

आता खर्च. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे ४ कोटी लिटर. जनावरं धरून साडेपाच-सहा. म्हणजे प्यायला कमी पडायचं काही कारणच नाही, तरी टँकर येतो. आता एक एकर ऊस पाटानं भिजवला तर वर्षाला ८० लाख लिटरच्या आसपास घेतो. चाळीस एकर ऊस म्हणजे ३२ कोटी. एक एकर हरभरा दहा-बारा लाख लिटरमध्ये निघतो. पाटाच्या पाण्यातलं थोडं परत मुरतं हे खरं, पण ग्रामसभेला मुद्दा कळायला एवढं पुरतं. हे फळ्यावर खडूनं मांडा, प्रोजेक्टर नको, आणि एकराचे आकडे गावातल्याच शेतकऱ्यांकडून घ्या म्हणजे कुणी बाहेरचं गणित म्हणणार नाही.

नगर_तालुका

आमच्या शेजारचं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण लोक तिथं जाऊन चर आणि झाडं बघून येतात. बघायचा असतो तो तिथला ताळेबंद. पावसाळा संपला की पाऊस किती झाला आणि पाणी किती आहे ते ग्रामसभेत मांडतात, आधी पिण्याचं बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. कमी पाऊस असला की जास्त पाण्याची पिकं नाहीत. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून टप्प्याटप्प्यानं झालेलं आहे हे, आधी कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळायला लोक शिकले, मग पाण्याचे नियम आले. एका ग्रामसभेत कुणी बोअर सोडत नसतं.

पण तुम्हाला नगरला यायची तरी काय गरज. नायगाव तुमच्याच तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालापण वाटा, ऊस घ्यायचा नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी पुरंदरच्या शेतकऱ्यांनी हे मान्य करून चालवून दाखवलंय. पुढं सगळीकडं तसं टिकलं नाही, पण तुमच्या ग्रामसभेत कुणी म्हणालं की असं कुठं होतं का, तर उत्तर तुमच्या तालुक्यातच आहे. त्यात काम केलेली जुनी माणसं असतील तर त्यांना बोलवा, त्यांचं ऐकतील लोक.

माणदेशी_शेतकरी

ऊसवाल्यांना ग्रामसभेत एकटं पाडू नका एवढंच सांगतो. त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं आणि उसाइतका खात्रीचा पैसा दुसऱ्या पिकात नाही, म्हणून ते लावतात. आधी ठिबकवर आणा, नवीन लागण नको एवढं ठरवा, खोडवा (तोडणीनंतर फुटव्यावर घेतलेला ऊस) संपला की दुसरं पीक. अंजीर-सीताफळ तुमच्याकडं चालतंच, त्याला आच्छादन आणि ठिबक असेल तर पाणी फार कमी लागतं. नवीन बोअरचं आधी बघा. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत बोअर घेता येत नाही हे कायद्यात आहेच, ग्रामसभेचा ठराव त्याच्या जोडीला करून घ्या.

कऱ्हाकाठ

काल बैठक झाली, कळवायचं म्हणून लिहितो. फळ्यावर हिशोब मांडला. चाळीस एकराचा आकडा आल्यावर बराच वेळ गोंधळ झाला, मग ज्यांचा सगळ्यात जास्त ऊस आहे तेच आजोबा म्हणाले की माझी विहीर पण यादीत घ्या आणि टेप माझ्यासमोर सोडा. बोअरबंदीवर एकमत झालं नाही, तो विषय दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत, तोपर्यंत पावसाळ्यातले आकडे हातात असतील. पोकलेन फक्त वरच्या टप्प्यात, संस्थेला तसं कळवलंय, त्यांनी त्यांचा भूगर्भवाला माणूस एकदा पाठवतो म्हणून सांगितलंय. डोंगरावर चरांचं काम गुढीपाडव्यानंतर, वरच्या गावाशी बोलणं सुरू आहे, त्यांचे सरपंच तयार दिसतायत.

मोजणाऱ्या गटात नऊ जणी आणि आठ जण आहेत, विहिरी वाटून घेतल्यात. सासवड-जेजुरी बाजूला कुणाकडं वापरून झालेले हायड्रोमार्कर पडून असतील तर मेसेज करा, चार-पाच तरी लागतील, न्यायला आम्ही येऊ. आणि पाणी पंचायतीत प्रत्यक्ष काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर तेही सांगा.